वाघिणीवर लिहिलेले वजन

जपानच्या रिकेन संस्थेने २०१५ साली लोकांसमोर आणलेल्या ‘रोबेअर’ या यंत्रमानवाची चित्रफीत अलीकडे पुन्हा एकदा सगळीकडे फिरू लागली आहे. अस्वलासारखा चेहरा, दोन गुबगुबीत बाहू आणि त्या बाहूंवर अलगद उचललेला रुग्ण. माझ्या एका विद्यार्थ्याने ती मला पाठवली आणि खाली विचारले, ‘‘मॅडम, हे आपल्याकडे कधी येणार?’’ मी लखनौच्या एका महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते. त्याला दोन ओळींत उत्तर देऊन मोकळे व्हावे असे ठरवले होते. पण लिहायला बसले आणि दोन वर्षांपूर्वीची एक रात्र समोर येऊन उभी राहिली. तेव्हा हे उत्तर लांबले आहे, हे आधीच सांगते.

माझे बाबा मूळचे सातारा जिल्ह्यातले. नोकरीची सारी वर्षे त्यांनी लखनौच्या मानकनगरमध्ये, रेल्वेच्या संशोधन, अभिकल्प आणि मानक संघटनेत काढली. मालगाडीच्या वाघिणी हा त्यांचा विषय. निवृत्तीनंतरही ते गावी परतले नाहीत. आलमबागेतल्या घरी राहिले. दोन वर्षांपूर्वीच्या पावसाळ्यात एका पहाटे त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. मेंदूच्या उजव्या भागात रक्तपुरवठा अडला, डावी बाजू लुळी पडली. वाचा मात्र शाबूत राहिली. पहिले चार दिवस मोठ्या रुग्णालयात गेले. मग त्यांना शहरातल्याच एका खासगी शुश्रूषालयात हलवले. त्याचे नाव येथे सांगत नाही, कारण जे घडले ते त्या एका इमारतीपुरते मुळीच नव्हते.

बाबांचे वजन त्या वेळी ८२ किलो होते. डोक्याकडची बाजू उंच केलेल्या पलंगावर माणूस हळूहळू पायथ्याकडे घसरतो. घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून डोके उंच ठेवावे लागते, आणि उंच ठेवले की घसरण आलीच. म्हणजे दिवसातून सहा-सात वेळा कोणीतरी रुग्णाला उचलून पुन्हा उशीपर्यंत न्यायचे. शिवाय दर दोन तासांनी कूस पालटायची, चादर बदलायची, बेडपॅन द्यायचे. ज्याला आपण ‘सेवा’ म्हणतो तिचा बराचसा भाग भारवहनाचा असतो, हे मला तोवर ठाऊक नव्हते.

त्या रात्री वॉर्डात एकच सिस्टर होती. पंचविशीची, अंगाने लहानखुरी, बाराबंकीकडची. वॉर्डबॉय खालच्या मजल्यावर गुंतला होता. बाबा इतके घसरले होते की त्यांचे पाय पलंगाच्या आडव्या दांडीवर टेकले होते. ती म्हणाली, ‘‘दीदी, जरा हाथ लगा दीजिए।’’ ती उजवीकडे उभी राहिली, मी डावीकडे. ‘‘एक, दो, तीन’’ म्हणून आम्ही जोर केला. मी बाबांच्या डाव्या काखेत हात घालून दंड धरला आणि ओढला. बाबा वर सरकले. त्यांच्या तोंडून एक ‘आई गं’ निघाले. सिस्टरच्या तोंडून काहीच निघाले नाही. पण ती वाकलेल्या अवस्थेतच काही क्षण तशीच राहिली, मग एक हात कमरेवर ठेवून, भिंतीचा आधार घेत सरळ झाली. दुसऱ्या रात्री तिच्या जागी दुसरी सिस्टर होती. चौकशी केली तेव्हा कळले की कमरेची चकती सरकली आहे. पलंगावरून उठवत नाही.

आणि बाबांचा डावा खांदा त्या रात्रीपासून दुखू लागला तो पुढे कित्येक महिने दुखत राहिला. फिजिओथेरपिस्टने खांद्याच्या टोकाखाली बोट ठेवून तिथली खाच मला दाखवली. खांद्याची खोबण मुळातच उथळ असते. दंडाच्या हाडाचा गोल माथा तिच्यात टिकतो तो भोवतालच्या स्नायूंच्या ताणामुळे. अर्धांगवायूत तो ताण जातो. हाताच्या स्वतःच्या वजनानेही सांधा खाली लोंबतो. अशा हाताला धरून कोणी ८२ किलोचा माणूस ओढला तर काय होईल, हे सांगायला डॉक्टर व्हावे लागत नाही. तो हात मी धरला होता. पदार्थविज्ञानाची प्राध्यापिका! यावर त्या बिचाऱ्याने काही म्हटले नाही. नुसते ‘‘सब ऐसे ही पकड़ते हैं’’ एवढेच म्हणाला.

सगळे तसेच पकडतात, हे खरेच आहे. काखेत हात घालून उचलण्याची ही पद्धत ब्रिटनमधील परिचारिकांच्या प्रशिक्षणातून केव्हाच निषिद्ध ठरली आहे. आपल्याकडे ती सिनेमातही दिसते आणि घरातही. मराठीत तर माणसाला हातपाय धरून उचलण्यासाठी ‘उचलबांगडी’ असा खास शब्द आहे. आज तो आपण बदली किंवा हकालपट्टी या अर्थाने वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ ज्याने डोळ्यांसमोर आणायचा त्याने एखाद्या अपघात विभागाच्या दारात अर्धा तास उभे राहावे.

आता थोडे गणित. विद्यार्थ्यांनी कागद घ्यावा.

कंबरेत वाकून आपण काही उचलतो तेव्हा मणक्यांच्या खालच्या चकत्या हे तरफेचे टेकू असतात. ओझे त्या टेकूपासून पुढे, हाताच्या अंतरावर असते. त्याला तोलणारे पाठीचे स्नायू मात्र टेकूच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. समजा, ओझे १६ किलोचे आहे आणि ते टेकूपासून ५० सेंटिमीटर पुढे आहे. त्याचा आघूर्ण सुमारे ७८ न्यूटन-मीटर. पाच सेंटिमीटरच्या भुजेवरून तो तोलायला स्नायूंना सुमारे १५७० न्यूटन बल लावावे लागेल. पण एवढ्यावर भागत नाही. वाकलेल्या माणसाचे स्वतःचे धड, डोके आणि हात मिळून ३५ किलो धरले आणि त्यांचा गुरुत्वमध्य २५ सेंटिमीटर पुढे मानला, तर त्यासाठी आणखी सुमारे १७१५ न्यूटन. बेरीज ३२८५. यात प्रत्यक्ष वजनांचा भार मिळवला की आपण साडेतीन हजार न्यूटनच्या घरात जातो. म्हणजे हातात १६ किलो आणि रुपयाच्या नाण्याहून मोठ्या, आत मऊ गर असलेल्या चकतीवर साडेतीन क्विंटल! हे माझे ढोबळ गणित आहे. प्रत्यक्षातला मणका याहून गुंतागुंतीचा असतो. पण उत्तराचा आवाका चुकीचा नाही.

अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य संस्थेने १९८१ मध्ये चकतीवरील दाबासाठी जी सावधगिरीची मर्यादा मानली ती ३४०० न्यूटनची. पुढे त्याच संस्थेने वजन उचलण्याचे एक समीकरण मांडले. सर्व परिस्थिती आदर्श असेल, म्हणजे खोके अंगाजवळ, पकड चांगली, पाठ न पिळता, तर २३ किलो, आणि परिस्थिती जितकी बिघडेल तितकी त्यातून वजावट. हे समीकरण खोक्यांसाठी होते, माणसांसाठी नव्हते. ते रचणाऱ्यांपैकी एक, टॉमस वॉटर्स, यांनी २००७ साली परिचारिकांच्या एका नियतकालिकात लेख लिहून रुग्णासाठी मर्यादा सांगितली: ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो. तीही रुग्ण सहकार्य करणारा असेल आणि अचानक हलणार नसेल तर.

१६ किलो म्हणजे किती? माणसाचा एक पाय त्याच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतका भरतो. बाबांचा एक पाय १३ किलोंचा. म्हणजे नुसती पट्टी बांधण्यासाठी त्यांचा पाय उचलून धरणारी सिस्टर मर्यादेच्या काठावर उभी असते. अख्ख्या बाबांची गोष्टच नको.

येथे कोणीतरी म्हणेल की पाठ ताठ ठेवावी, गुडघ्यांत वाकावे, योग्य प्रशिक्षण द्यावे. मीही हेच म्हणत असे. १९९९ साली जर्मनीत हान्स-योआखिम विल्के आणि सहकाऱ्यांनी एका स्वयंसेवकाच्या कमरेच्या चकतीत दाबमापक बसवून दैनंदिन हालचालींची मोजमापे घेतली. उताणे झोपल्यावर दाब ०.१ मेगापास्कल, उभे राहिल्यावर ०.५, पाठ वाकवून २० किलो उचलले तर २.३ आणि गुडघ्यांत वाकून उचलले तर १.७. तेव्हा गुडघ्यांचा सल्ला खोटा नाही. पण तो खोक्यांचा सल्ला आहे. खोके दोन पायांच्या मध्ये घेता येते. रुग्ण आणि परिचारिका यांच्यामध्ये पलंगाची कड असते. ती गुडघ्यांत वाकली तर रुग्णापर्यंत हातच पोहोचत नाहीत. रुग्णाला कडी नसते, मूठ नसते. तो घाबरून गळ्याला मिठी मारतो, मधेच ताठरतो, मधेच सैल पडतो. त्याच १९९९ मध्ये ओहायो राज्य विद्यापीठातील विल्यम मारास यांच्या गटाने रुग्ण हलवण्याच्या प्रचलित पद्धती एकेक करून तपासल्या. रुग्ण म्हणून निवडलेली व्यक्ती जेमतेम ५० किलोंची आणि सहकार्य करणारी होती. एकट्याने उचलणे घातक ठरले यात नवल नव्हते. पण दोघांनी मिळून उचलतानाही धोका शिल्लक राहिला. हातांनी उचलण्याची सुरक्षित म्हणावी अशी एकही पद्धत त्यांना सापडली नाही. पुढे केवळ प्रशिक्षणाचा परिणाम तपासणारे जे आढावे निघाले त्यांतही, शिकवल्याने पाठदुखी टळते असा पुरावा मिळाला नाही.

मला हे वाचून आधी दिलासा वाटला, मग राग आला. दिलासा अशासाठी, की त्या रात्री त्या मुलीने काही चूक केली नव्हती. राग अशासाठी, की वॉर्डात चर्चा होती ती ‘‘उसको ठीक से उठाना नहीं आता’’ अशीच.

आपल्या देशात ओझ्याचा विचारच झालेला नाही असे मुळीच नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाचे ३४ वे कलम सांगत असे की इजा होईल इतके वजन कोणाही कामगाराला उचलायला लावू नये. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. धान्याचे पोते शंभर किलोंचे असावे की पन्नास, यासाठी हमालांनी लढा दिला, आणि तो योग्यच होता. आमच्या लखनौत १९६५ पासून विषविज्ञानाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. कामाच्या जागी अंगात जाणाऱ्या विषारी द्रव्यांचा अभ्यास तिथे होतो. धूळ, धूर, शिसे हे व्यवसायजन्य आजारांचे कारण म्हणून आपल्याला पटते. परंतु पोते उचलणारा हमाल आणि रुग्ण उचलणारी परिचारिका यांच्या मणक्यांत काही फरक नसतो, हे मात्र पटत नाही. कारण एकीच्या कामाला आपण ‘सेवा’ हे नाव देऊन ठेवले आहे.

मुंबईच्या केईएम रुग्णालयातील अरुणा शानबाग आठवतात? नोव्हेंबर १९७३ मधल्या त्या भीषण हल्ल्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत जवळजवळ ४२ वर्षे त्यांना तिथल्या परिचारिकांनी सांभाळले. इतक्या वर्षांत त्यांना शय्याव्रणे होऊ दिली नाहीत, याचा साऱ्या देशाने गौरव केला. २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानेही या परिचारिकांची मुक्तकंठाने प्रशंसा केली. मलाही तेव्हा भरून आले होते. आता मी तोच आकडा वेगळ्या नजरेने पाहते. दर दोन तासांनी कूस म्हटली तर दिवसाला १२ वेळा, वर्षाला चार हजारांहून अधिक वेळा, ४२ वर्षांत पावणेदोन लाखांहून अधिक वेळा. त्यातली प्रत्येक वेळ कोणाच्या तरी कमरेतून गेलेली असणार. त्या गौरवात कंबर कुठे नव्हती.

कैसरबागेवरून जाताना मला आणखी एक विचार येतो. तिथले संगीत विद्यापीठ ज्यांच्या नावाने आहे त्या पंडित विष्णु नारायण भातखंड्यांनी १९२६ साली लखनौत संगीत महाविद्यालय उभे केले, आणि १९३३ मध्ये पक्षाघाताने ते अंथरुणाला खिळले. १९ सप्टेंबर १९३६ रोजी मुंबईत ते गेले. तीन वर्षे. त्या तीन वर्षांत रात्री-अपरात्री त्यांची कूस कोणी पालटली असेल? चरित्रांत अशी माणसे येत नाहीत.

असो. मग यंत्रमानव हवा का? रोबेअरचे स्वतःचे वजन १४० किलो होते आणि तो प्रयोगशाळेच्या दाराबाहेर फारसा पडला नाही. जगभर ज्याने खरा फरक पाडला ते यंत्र याहून कितीतरी साधे आहे: एक खांब, एक आडवा हात, जॅकसारखा द्रवदाबाचा पंप आणि कापडाची झोळी. अमेरिकेत अशा लिफ्टला आजही ‘होयर’ म्हणतात, ते टेड होयर या स्वतः अपघाताने परावलंबी झालेल्या गृहस्थावरून. फ्लोरिडात ऑड्री नेल्सन यांच्या गटाने माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील २३ विभागांत अशी साधने, ती वापरण्याची शिस्त आणि मदतीला जाणकार सहकारी अशी सगळी व्यवस्था एकत्र लावून पाहिली. परिचारिकांच्या इजा घटल्या, आणि साधनांचा खर्च पावणेचार वर्षांच्या आसपास भरून निघेल असा हिशेब २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. ब्रिटनमध्ये हाताने करायच्या भारवहनाचे नियम १९९२ पासून आहेत आणि ते रुग्णालयांनाही लागू आहेत. अमेरिकेत २००५ साली टेक्ससने या विषयावर पहिला कायदा केला.

आम्ही बाबांना घरी आणले तेव्हा लिफ्ट घेणे परवडणारे नव्हते. पण फिजिओथेरपिस्टने एक गोष्ट सांगितली: ‘‘उठाइए मत, सरकाइए।’’ उचलू नका, सरकवा. वाक्य साधे, त्यात अख्खे घर्षणाचे प्रकरण होते. रुग्णाला उचलावे लागते ते मुळात चादर त्याला सरकू देत नाही म्हणून. आणि जोर लावून चादरीवरून ओढले तर कातडी चादरीला चिकटून राहते, आतले हाड पुढे जाते, मधल्या रक्तवाहिन्या पिळल्या जातात. शय्याव्रणाची सुरुवात अशीही होते. परदेशांत यासाठी निसरड्या कापडाची नळी मिळते. ती रुग्णाखाली सरकवायची. कापडाचे दोन थर एकमेकांवरून घसरतात आणि माणूस वरच्या थरासकट पुढे जातो.

मी छत्रीसाठी वापरतात तसले नायलॉनचे कापड आणले आणि आलमबागेतल्या शिंप्याकडून दोन्ही टोके उघडी असलेली रुंद नळी शिवून घेतली. त्याला वाटले मी लोडाची खोळ शिवते आहे. बाबांना दाखवली तर त्यांच्यातला अभियंता जागा झाला. ‘‘अगं, मोजल्याशिवाय मी त्यावर बसणार नाही,’’ म्हणाले. मग पलंगावर २५ किलोंची तांदळाची गोणी ठेवली, तिला सामान तोलायचा काटा अडकवला आणि ओढला. चादरीवरून गोणी हलायला काटा १३ किलोपर्यंत गेला. नळीवरून पाचाच्या आतच हलली. बाबांनी उजव्या हाताने ते आकडे वर्तमानपत्राच्या कडेला लिहिले आणि दोन्ही घर्षणांक काढून मला दाखवले.

कूस पालटण्याची युक्तीही अशीच निघाली. माणूस सपाट असताना त्याला ढकलणे म्हणजे लाकडाचा ओंडका ढकलणे. पण पलीकडचा गुडघा उभा वाकवला, पलीकडचा हात छातीवर आणला आणि मग गुडघा व नितंब अलगद आपल्याकडे आणले, की वाकवलेली मांडी तरफेचा लांब हात होते आणि धड आपसूक मागोमाग येते. पलंग मात्र आपल्या कमरेइतका उंच हवा. आमच्या जुन्या पलंगाच्या पायांखाली मी विटा लावल्या. आईला ते अजून आवडलेले नाही.

हे सगळे चालू असताना एकदा बाबा म्हणाले, ‘‘प्रत्येक वाघिणीवर दोन आकडे रंगवलेले असतात. रिकामी असताना तिचं वजन किती आणि ती किती पेलेल. त्याहून जास्त भरली तर दंड होतो. त्या सिस्टरच्या अंगावर कोणी काही लिहिलं होतं का?’’ मी काही बोलले नाही. माझ्या डोळ्यांसमोर तिचा कमरेवरचा हात होता. आणि त्यांच्या दुखऱ्या खांद्याबद्दल त्यांनी मला आजवर एक शब्दही ऐकवलेला नाही, हेही.

सहा महिन्यांनी तपासणीसाठी आम्ही त्याच शुश्रूषालयात गेलो. ती सिस्टर नोंदणीच्या खिडकीत बसलेली होती, कमरेला रुंद पट्टा, पाठीशी उशी. वॉर्डात परत घेतले नाही, पगार कमी झाला, पण नोकरी राहिली, असे तिने सांगितले. तिने बाबांना ओळखले, ‘‘बाबूजी, कंधा कैसा है?’’ म्हणून विचारले. मग बाबांना चाकाच्या खुर्चीतून तपासणीच्या टेबलावर घेताना मी पिशवीतून ती नळी काढली, तेव्हा ती खिडकीतून उठून आली. नळी हातात घेतली, आत हात घालून दोन्ही थर एकमेकांवर घासून पाहिले. ‘‘इतना ही?’’ म्हणाली. मी हो म्हटले. तिने नोंदवहीतला एक कोरा कागद फाडला, वितीने मोजून लांबी-रुंदी लिहून घेतली आणि शिंप्याचे दुकान आलमबागेत नेमके कुठे, ते विचारले.